ब्रेस किती वाटले ते नको, पायात किती टिकले ते मोजा

दिव्यांग साहित्य वाटपाच्या शिबिराचा अहवाल एकाच आकड्यावर येऊन थांबतो : इतक्या लाभार्थ्यांना इतकी साधनं दिली. तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रं यांच्या रांगेत घोटा आणि पाऊल सावरणारे पायाचे ब्रेसही मोजले जातात. सहा महिन्यांनी त्यातले किती पायात आहेत आणि किती माळ्यावर पडलेत, याचा रकाना त्या अहवालात नसतो. नसांचा आनुवंशिक आजार असलेल्या माणसांसाठी खरा प्रश्न हाच आहे. मराठवाड्यात पायाच्या ब्रेसवर संशोधन व्हायचं असेल, आणि ते व्हायलाच हवं, तर ते याच रकान्यापासून सुरू झालं पाहिजे. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत फरशीवर कोणता ब्रेस चवडा किती अंशांनी उचलतो हे जगात बऱ्यापैकी मोजून झालंय. मे महिन्याच्या उन्हात, जुलैच्या चिखलात आणि चप्पल दाराबाहेर काढायच्या घरात कोणता ब्रेस वर्षभर पायात राहतो, हे शोधण्याचं काम इथेच करावं लागेल.

या आजाराचं वैद्यकीय नाव शार्को-मारी-टूथ, थोडक्यात सीएमटी. १८८६ साली पॅरिसमध्ये शार्को आणि मारी यांनी आणि इंग्लंडमध्ये टूथ यांनी त्याचं वर्णन केलं. नस जेवढी लांब तेवढी ती आधी कमजोर होते, म्हणून सुरुवात पावलांपासून होते. नडगीच्या पुढचे स्नायू ढिले पडतात, चवडा वर उचलत नाही, पाऊल फटकन आपटतं आणि उंबऱ्याला अंगठा अडतो. घोट्याला बाहेरच्या बाजूने सावरणारे स्नायू हरतात, आत ओढणारे मात्र टिकून असतात. या ओढाताणीत टाच आत कलते, तळव्याची कमान उंच होते, बोटं आकड्यासारखी वळतात आणि माणूस पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागतो. त्या कडेवर आधी घट्टा येतो आणि मग घट्ट्याखाली जखम होते. पोटऱ्या बारीक होतात. काही वर्षांनी हाताच्या बोटांचीही पाळी येते, गुंडी लावणं आणि किल्ली फिरवणं जड जातं. सोबत तळव्याची संवेदनाही कमी होत जाते. बहुतेक प्रकारांत आयुष्य कमी होत नाही. म्हणजे हेच पाय घेऊन पुढची चाळीस-पन्नास वर्षं कमवून खायचं असतं.

साधारण अडीच हजार माणसांत एक, असं या आजाराचं प्रमाण जगभर धरलं जातं. २०११च्या जनगणनेनुसार मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख होती. त्याच प्रमाणाने हिशेब केला तर आकडा साडेसात हजारांच्या आसपास जातो. हिशेब ढोबळ आहे, पण ‘अशी माणसं असतात तरी किती’ या प्रश्नाला तो पुरेसा आहे. सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात सतराव्या गुणसूत्रावरच्या पीएमपी२२ जनुकाची एक जादा प्रत असते. गुणसूत्राचा हा भाग जादा असतो हे १९९१ साली समजलं. त्यात आई किंवा वडील बाधित असतील तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते. काही प्रकार असे आहेत की आई-वडील दोघंही धडधाकट दिसतात आणि दोघांकडूनही दोष आला तरच मूल बाधित होतं. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या घरांत हे प्रकार डोकं वर काढतात. आपल्या भागात अशी घरं कमी नाहीत. तपासणीला पैसे घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : जादा प्रत शोधायची तर आधी एमएलपीए ही स्वस्त चाचणी करावी. महागड्या एक्झोम चाचणीत हा दोष निसटू शकतो.

औषध नाही. व्हिटॅमिन सी देऊन बघण्याचे मोठे प्रयोग युरोप-अमेरिकेत झाले, त्यांत फायदा दिसला नाही. तरीही ‘नसा कमजोर आहेत’ एवढ्या निदानावर बी-१२ची इंजेक्शनं वर्षानुवर्षं टोचली जातात. बी-१२ची कमतरता असेल तर ती जरूर भरून काढावी, पण त्याने जनुकातला दोष हटत नाही. हातात उरतात त्या चार गोष्टी : व्यायाम, योग्य पादत्राण, वेळेवर शस्त्रक्रिया आणि ब्रेस. यातली ब्रेस ही गोष्ट सर्वांत जास्त लोकांच्या वाट्याला येते आणि तीच सर्वांत जास्त हलगर्जीने दिली जाते.

याला एक इतिहास आहे. आपल्याकडची कॅलिपर आणि ब्रेसची सगळी व्यवस्था पोलिओच्या काळात उभी राहिली. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. शिबिरांची घडी मात्र तीच राहिली. सकाळी माप घ्यायचं, दोन-तीन महिन्यांनी एका समारंभात साधन द्यायचं आणि पुढच्या गावी जायचं. पोलिओत हे बऱ्याच अंशी चालून जायचं. पोलिओचा पाय लुळा असला तरी त्याची संवेदना शाबूत असते, ब्रेस टोचला की माणूस ओरडतो आणि तो काढून टाकतो. शिवाय पोलिओचं नुकसान एकदाच होतं, मोठ्या माणसाचं आजचं माप दोन वर्षांनीही जवळपास तेच असतं. सीएमटीत या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. पाय टोचल्याचं सांगत नाही, आणि त्याचा आकार व ताकद दर वर्षी थोडी थोडी बदलते. ज्याला दुखत नाही त्याला ‘बसतोय ना नीट?’ असं विचारून ब्रेस देणं म्हणजे जखमेची सोय करून ठेवणं आहे.

खरं तर बधिर पायाचं उत्तम ज्ञान आपल्याच देशात आहे, कुष्ठरोगाच्या कामातून आलेलं. मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा तळ, ज्याला सगळे एमसीआर म्हणतात, खिळे न वापरता शिवलेली किंवा चिकटवलेली चप्पल, रोज संध्याकाळी आरशात तळवा बघणं, घट्टा भिजवून घासणं, पाऊल एका ठिकाणी गरम लागलं तर तिथे दाब पडतोय हे ओळखणं. हे सगळं सीएमटीच्या पायाला जसंच्या तसं लागू पडतं. पण कुष्ठरोगाचं काम आणि दिव्यांग साहित्याचं काम या दोन खात्यांचा एकमेकांशी संवाद नाही. उलट घोटाळा होतो तो निदानात. सीएमटीच्या काही प्रकारांत नसा जाड होऊन हाताला लागतात. पडलेलं पाऊल, वाकडी बोटं, बधिरपणा आणि जाड नस असं एकत्र दिसलं की गावात कुजबुज सुरू होते, कधी कधी उपचारही कुष्ठरोगाचे सुरू होतात. फरक ओळखणं अवघड नाही. सीएमटीत त्वचेवर चट्टे नसतात, दोन्ही पाय साधारण सारखेच बाधित असतात, आणि बऱ्याचदा घरात आणखी कुणाचे तरी पाय तसेच असतात. हातातल्या नसांचा वेग तपासला आणि तो सेकंदाला ३८ मीटरपेक्षा सगळीकडे सारखाच कमी निघाला, तर नसेचं आवरण बिघडवणाऱ्या प्रकाराचा संशय पक्का होतो. डॉक्टरांनी रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकालाही चपला काढायला सांगाव्यात. निम्मं निदान तिथेच होतं.

आता ब्रेस नेमका कसा बनतो आणि कुठे चुकतो ते बघू, कारण संशोधनाचे प्रश्न तिथूनच निघतात.

मोजमापाआधी तीन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली, माणूस नुसत्या टाचांवर चालू शकतो का आणि नुसत्या चवड्यांवर चालू शकतो का. टाचांवर चालता येत नाही पण चवड्यांवर येतं, म्हणजे पुढचे स्नायू गेलेत आणि पोटरी शाबूत आहे. त्याला मागून लवचीक पट्टी असलेला हलका ब्रेस पुरतो. चवड्यावरही उभं राहता येत नसेल तर पोटरीही गेली. असा माणूस एका जागी स्थिर उभा राहूच शकत नाही, रांगेत उभं राहायचं झालं तर सारखा पाय बदलत राहतो. त्याला लवचीक ब्रेस दिला तर चवडा उचलतो, पण उभं राहताना गुडघा दगा देतो. त्याला नडगीला पुढून आधार देणारा, घोट्याशी कडक ब्रेस लागतो. शिबिरांत हा भेद क्वचितच केला जातो, सगळ्यांना एकच नमुना मिळतो आणि निम्म्यांचा मग ब्रेसवरचाच विश्वास उडतो.

दुसरी गोष्ट, टाचेची शीर आखडली आहे का. गुडघा सरळ ठेवून पाऊल काटकोनात येतं का ते बघायचं. गुडघा वाकवून तपासलं की आलंसं वाटतं आणि फसगत होते. न येणारं पाऊल प्लास्टर घेताना जोर लावून काटकोनात आणलं, तर काटकोन घोट्यात होत नाही, तो तळव्याच्या मध्यावर होतो. तयार ब्रेसमध्ये मग टाच वर तरंगते आणि करंगळीच्या मागच्या हाडावर सगळा भार येतो. अशा वेळी पाऊल जेवढं येतं तेवढ्याच कोनात ब्रेस बनवायचा आणि उरलेली पोकळी टाचेखाली उंची देऊन भरायची.

तिसरी, टाच आत कललेली असेल तर ती सरळ होऊ शकते का. त्यासाठी अडीच सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी पुरते. टाच आणि पावलाची बाहेरची कड फळीवर ठेवायची, अंगठ्याचा उंचवटा फळीबाहेर खाली सोडायचा आणि मागून बघायचं. टाच सरळ झाली तर दोष अजून लवचीक आहे, ब्रेसच्या तळात अंगठ्याखाली खोलगा आणि बाहेरच्या कडेला उंची देऊन तो सावरता येतो. सरळ झाली नाही तर ब्रेसने जबरदस्ती करू नये. आहे त्या आकाराला सांभाळून घ्यावं आणि रुग्णाला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावं.

मग प्लास्टर. पायावर सुती जाळीचा मोजा चढवायचा, हाडांचे उंचवटे ओल्या जांभळ्या पेन्सिलीने खुणावायचे : दोन्ही घोटे, करंगळीमागचं हाड, आतल्या कमानीवरचं हाड आणि गुडघ्याच्या बाहेरून खाली लागणारं पोटरीच्या बारीक हाडाचं टोक. १५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन-तीन प्लास्टर पट्ट्या गुंडाळायच्या आणि घट्ट होईपर्यंत पाऊल हवं तसं धरून ठेवायचं. साच्यातून पायाची प्लास्टरची प्रतिकृती निघते. तिच्यावर उंचवट्यांच्या जागी तीन ते पाच मिलिमीटर प्लास्टर वाढवायचं, म्हणजे ब्रेसमध्ये तिथे पोकळी राहते. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा पत्रा, मोठ्यांना चार मिलिमीटर आणि लहानांना तीन, ओव्हनमध्ये दोनशे अंशांच्या जरा खालपर्यंत तापवायचा. दुधी पत्रा काचेसारखा स्वच्छ झाला की तो प्रतिकृतीवर ओढून व्हॅक्युमने चिकटवायचा. इथे घाई नडते. पत्रा कोमट असतानाच कापून काढला तर तो मागे उलगडतो आणि ब्रेस पायाला ढिला होतो. रात्रभर थंड होऊ द्यावा लागतो. कडा घासून गुळगुळीत कराव्या लागतात, कारण घोट्याजवळच्या कडेला राहिलेल्या नखाएवढ्या खाचेतून वर्षभराच्या आत तडा जातो. वरची कड पोटरीच्या बारीक हाडाच्या टोकाच्या निदान दोन सेंटिमीटर खाली हवी. पाऊल उचलणारी नस तिथे हाडाला वळसा घालून उघडीवरून जाते. सीएमटीच्या नसांना दाब मुळीच सोसत नाही. कड वर गेली तर ज्या स्नायूंना मदत करायला ब्रेस दिला, त्यांचीच उरलीसुरली ताकद ब्रेस काढून घेतो.

लहान-मध्यम-मोठा अशा मापांत तयार मिळणाऱ्या ब्रेसमध्ये यातलं काहीच होत नाही. सपाट तळव्याच्या सरासरी पायासाठी बनवलेल्या साच्यात उंच कमानीचा, आत कललेला पाय बसवला की तो तीन ठिकाणी घासतो. पैसे वाचवायला म्हणून या रुग्णांना तयार ब्रेस देणं हा वाया गेलेला खर्च आहे.

नवा ब्रेस पहिल्या दिवशी तासभरच घालायचा. काढून बघायचं, लाल झालेली जागा वीस-तीस मिनिटांत पूर्ववत झाली पाहिजे. नाही झाली तर त्या जागी हीट गनने पत्रा फुगवून घ्यावा लागतो. रोज तास-तासाने वाढवत दोन आठवड्यांत दिवसभरावर जायचं. आत गुडघ्यापर्यंत येणारा, शिवण नसलेला सुती मोजा हवा. ब्रेसवर एक नंबर मोठा, आतला तळ निघणारा, पुढून पूर्ण उघडणारा बूट लागतो. बुटाची टाच बदलली की नडगीचा कोन बदलतो आणि चाल बिघडते. हे सगळं सांगायला आणि करायला निदान चार भेटी लागतात. शिबिरात दोनच होतात.

आता हा ब्रेस घेऊन माणूस मराठवाड्यात घरी जातो. बाहेर बेचाळीस अंश तापमान, पायाला घट्ट चिकटलेलं हवा न जाऊ देणारं प्लास्टिक, आत घामाने भिजलेला मोजा. भिजलेली कातडी लवकर सोलवटते. हवेसाठी भोकं पाडा म्हटलं तर ती कुठे पाडायची हे ठरवावं लागतं, घोट्याजवळ पाडली तर तिथूनच तडा जातो, पोटरीच्या मध्यभागी चालतात. पाऊस पडला की काळी माती बुटाला लगडते. पायाच्या टोकाला वाढलेलं वजन कमरेला बांधलेल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं. साधा प्लास्टिकचा ब्रेस आणि बूट मिळून पाऊण किलोच्या घरात जातात, त्यात दोन्ही पायांना चिखल. कापसाच्या रानातून फिरून आलं की वेल्क्रोत कुसळं आणि धागे अडकतात, दोन-तीन महिन्यांत पट्टा धरायचा बंद होतो आणि सुतळीने बांधला जातो. सुतळी बधिर कातडीत रुतते.

खुरपणीचं तर वेगळंच आहे. उकिडवं बसायला घोटा चांगलाच पुढे वाकावा लागतो, कडक ब्रेसमध्ये ते अशक्य. म्हणून बायका शेतात ब्रेस काढून ठेवतात आणि दिवसभर उकिडव्या बसतात. उकिडवं बसण्यात नेमकी तीच गुडघ्याबाहेरची नस दाबली जाते आणि निरोगी माणसाचंही पाऊल त्याने लुळं पडल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. म्हणजे सर्वांत जास्त धोक्याच्या कामाच्या वेळी ब्रेस बाजूला असतो. यावर उपाय ब्रेसमध्ये शोधायचा की खुरपणीला बसण्याच्या पद्धतीत, लांब दांड्याच्या कोळप्यात, की बुटक्या पाटावर? हा संशोधनाचाच प्रश्न आहे, आणि तो इटलीत किंवा अमेरिकेत कुणी विचारणार नाही.

घरात शिरताना चप्पल बाहेर. बुटाशिवाय नुसता ब्रेस फरशीवर सटकतो. त्यामुळे घरात ब्रेस निघतो, आणि पडणं बऱ्याचदा घरातच होतं, न्हाणीत, उंबऱ्यावर, रात्री. घरात वापरायला ब्रेसच्या तळाला चिकटवलेला रबराचा वेगळा पापुद्रा, किंवा घोट्याभोवतीचा नुसता लवचीक पट्टा पुरेल का, हे काही महिन्यांत तपासून सांगता येण्यासारखं आहे.

सीएमटीचे रुग्ण दिलेले ब्रेस वापरत नाहीत, हे इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ सालीच मांडलं होतं. तिथे घर गार, पायात बूट कायम आणि दुरुस्ती जवळ. तरी ही स्थिती. त्यामुळे दोष रुग्णाच्या आळसात शोधणं सोडून द्यावं. माणूस ब्रेस काढून ठेवतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला कारण असतं, आणि संशोधकाने ते कारण डेटा म्हणून लिहून घ्यायचं असतं.

संशोधन कसं करावं? पहिला आग्रह असा की शेकडो रुग्णांची वाट बघू नये. सीएमटीत एकाच घरातल्या दोन भावांचे पायही सारखे नसतात, त्यामुळे ‘या गटाला हा ब्रेस, त्या गटाला तो’ अशी तुलना लहान संख्येत फसते. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच करावी. सहा आठवडे नुसता चांगला बूट, सहा आठवडे प्लास्टिकचा ब्रेस, सहा आठवडे कार्बन फायबरचा, क्रम चिठ्ठी टाकून ठरवलेला, आणि मग आवडलेल्या साधनावर उरलेलं वर्ष. पंचवीस-तीस माणसांतही यातून उपयोगी उत्तर निघतं. कार्बनचा ब्रेस शंभर-दीडशे ग्रॅमचा असतो आणि पाऊल उचलताना थोडी उसळी देतो. पण त्याची किंमत दहा हजार रुपयांच्या पटीत जाते आणि तापवून त्याचा आकार बदलता येत नाही. तो खरंच जास्त तास पायात राहतो का, हे कळल्याशिवाय सरकारने त्यावर पैसे घालावेत की नाही हे ठरवता येणार नाही.

चालण्याची चाचणी दवाखान्याच्या तीस मीटरच्या व्हरांड्यात करतात, सहा मिनिटांत किती अंतर कापलं ते मोजतात. ती करावीच, पण तीच चाचणी डांबरी रस्त्यावर आणि नांगरलेल्या रानातही करावी. लागतं काय तर फीत, घड्याळ आणि मोबाइलचा कॅमेरा. पडण्याची वही ठेवावी : कुठे पडलो, पायात काय होतं. दर भेटीला तळव्याचे आणि घोट्याचे फोटो.

घालण्याचे तास मोजायला परदेशात ब्रेसच्या आत शर्टाच्या गुंडीएवढा तापमान नोंदवणारा सेन्सर बसवतात. ब्रेस पायात असला की तापमान कातडीइतकं, तेहतीस-पस्तीस अंशांच्या आसपास, आणि काढला की खोलीइतकं. थंड देशात हे चोख चालतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात कोपऱ्यात पडलेला ब्रेसही पस्तीस अंश दाखवेल आणि न घातलेला ब्रेस घातला म्हणून मोजला जाईल. म्हणून इथे एक सेन्सर आत आणि एक बाहेरच्या बाजूने हवा, किंवा सोबत हालचाल नोंदवणारा सेन्सर. बाहेरून आणलेली पद्धत जशीच्या तशी वापरली तर उन्हाळ्यातली सगळी माहिती खोटी निघेल.

हे काम कुठे व्हावं? छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं ही त्याची स्वाभाविक ठिकाणं आहेत. संशोधनाला लागणारी आचारसमिती तिथे असते, अस्थिरोग आणि त्वचारोग हे विभाग एकाच आवारात असतात. मुंबईत हाजी अलीची केंद्रीय संस्था आणि पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र यांच्याकडे जुना अनुभव आहे, तो शिकवायला जरूर घ्यावा. पण ब्रेसची कड पाच मिलिमीटर कापून घ्यायला नांदेडहून मुंबईला रात्रभराचा प्रवास करून कुणी जाणार नाही. ओव्हन, व्हॅक्युम पंप, घासायचं यंत्र, हीट गन, शिलाई मशीन आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला एक ऑर्थोटिस्ट म्हणजे ब्रेस बनवणारा तज्ज्ञ, एवढी कार्यशाळा चालू स्थितीत लागते. मधुमेहाचे आणि पक्षाघाताचे रुग्णही तिथेच येतील, त्यामुळे ती रिकामी राहण्याची भीती नको.

पैशाच्या बाबतीत तीन बदल हवेत. केंद्राच्या एडिप योजनेत एकदा साधन मिळालं की तीन वर्षं तेच साधन पुन्हा मिळत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना ही मुदत एक वर्षाची आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाचं पाऊल वर्षात दोन नंबर वाढू शकतं, आणि याच वयात सीएमटीचा पाय झपाट्याने वाकडा होतो. एक वर्षाची सवलत अठराव्या वर्षापर्यंत न्यावी. दुसरं, ४० टक्के दिव्यांगत्वाची अट. पोटरी शाबूत आहे, फक्त पाऊल पडतंय, या टप्प्यावर ब्रेस सर्वांत जास्त उपयोगी असतो आणि नेमक्या याच टप्प्यावर टक्केवारी अनेकदा चाळिसाला पोहोचत नाही. वाढत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात निदानाच्या कागदावरच ब्रेस मिळायला हवा. तिसरं, पुरवठादाराचं सगळं बिल वाटपाच्या दिवशी देऊ नये. काही हिस्सा सहा महिन्यांच्या तपासणीनंतर द्यावा, आणि ती तपासणी पुरवठादाराने न करता महाविद्यालयाने करावी. ब्रेस वापरात नसेल तर कारण लिहिलं गेलं पाहिजे, आणि दुरुस्तीने भागणारं कारण असेल तर ती दुरुस्ती त्याच पैशातून व्हावी.

जनुकीय उपचार येऊ घातले आहेत, मग प्लास्टिकच्या पत्र्यावर डोकं कशाला चालवायचं, असा एक आक्षेप घेतला जातो. उपचार यावेत, त्याची वाट सगळेच बघताहेत. पण जो पाय तोवर वाकून कडक झाला, ज्या टाचेची शीर आखडली, तो उद्याच्या औषधाने सरळ होणार नाही. औषध येईल त्या दिवशी पाऊल काटकोनात येणारं असावं, तळव्यावर जखम नसावी, यासाठी आजचा ब्रेस आहे.

राहिला प्रश्न वेळापत्रकाचा, आणि तो किरकोळ नाही. शेतकरी आणि गावातल्या कुटुंबांसाठी प्लास्टर जानेवारीत घ्यावं, म्हणजे फेब्रुवारीअखेर ब्रेस पायात येतो आणि पहिला उन्हाळा व पहिला पावसाळा दोन्ही निरीक्षणात सापडतात. बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं त्या वेळी गावात नसतात, दिवाळीच्या सुमारास गेलेली मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांचं माप मेमध्ये घ्यावं, ब्रेस आषाढात द्यावा आणि पहिल्या तीन भेटी मुक्कामाला निघण्याआधी उरकाव्यात. सहाव्या महिन्याची तपासणी मात्र साखर कारखान्याच्या तळावर जाऊन, त्यांच्या कोपीत म्हणजे झोपडीतच करावी लागेल. हीट गन, वेल्क्रोचे सुटे पट्टे, रिव्हेट, एमसीआरचा तुकडा आणि सुती मोज्यांचे चार जोड एवढं सामान एका पिशवीत मावतं.